डावी बाजू

त्या म्हातारीला सायकलचा धक्का लागला तेव्हा तो जवळजवळ थांबलेलाच होता. कामावरून परतताना इमारतीच्या फाटकापाशी तो नेहमी एका पायडलवर उभा राहून, दुसरा पाय खाली सोडून, आत घरंगळत येई. इतक्या वर्षांची सवय, त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फाटकाच्या डाव्या खांबाला टेकून ती उभी होती. हँडलचं टोक तिच्या कोपराला लागलं, हातातली पिशवी सुटली, आणि ती पडली अशी नाही, खांबाला पाठ घासत हळूहळू खाली बसली. जणू तिला बसायचंच होतं आणि कुणी सांगेल म्हणून थांबली होती. पिशवीत अंडी होती. फरशीवर एक पिवळा ओघळ आला. त्याने सायकल टाकली, तिला उठवलं, कोपर बघितलं, पुन्हापुन्हा विचारलं, लागलं का, वर जिन्यापर्यंत सोडू का. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची ती आई; त्याला चेहऱ्याने ओळखत होती. रागावली नव्हती. तिला नवल वाटत होतं. "मी इथेच उभी होते हो," ती म्हणाली. "बराच वेळ झाला. तुम्ही तर माझ्याकडे बघतच येत होता."

सायकल खांद्यावर घेऊन जिना चढताना त्याला ते वाक्य उतरवून ठेवता येईना. बघतच येत होता. तो खरंच बघत होता. फाटक बघत होता, खांब बघत होता, खांबावरचा उडालेला रंगसुद्धा त्याला आता डोळ्यांपुढे आणता येत होता. फक्त त्या खांबाशी म्हातारी नव्हती. काळा डाग नव्हता, धूसर नव्हतं, पडदा नव्हता. नीटनेटका, रिकामा खांब होता. हेच डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, आणि तेव्हा त्याने मान डोलावली होती, मान डोलावतात तशी. "काचबिंदूत माणसाला वाटतं की अंधार येईल," डॉक्टर म्हणाले होते, "पण अंधार येत नाही. कडेकडेचं दिसेनासं होतं, आणि जे दिसत नाही तिथे मेंदू सारवासारव करतो. भिंत असेल तर भिंत पुढे ओढतो, रस्ता असेल तर रस्ता. म्हणून कळत नाही." मग त्यांनी त्याला एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसवलं होतं. समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्यांदा त्याने प्रामाणिकपणे दाबलं. मग बराच वेळ काही चमकलंच नाही. घुमटात नुसतं यंत्राचं गुरगुरणं आणि स्वतःचा श्वास. त्याला शाळेतल्या परीक्षेत बसल्यासारखं वाटू लागलं, आणि यंत्राच्या आवाजाचा ताल धरून तो अंदाजाने बटण दाबू लागला. बाहेर आल्यावर डॉक्टर कागदाकडे बघत शांतपणे म्हणाले, "तुम्ही मधूनमधून फसवलंत." दोन्ही डोळे, डावा जास्त. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून टिकवायचं. "गाडी चालवता?" त्यांनी विचारलं. "नाही," तो म्हणाला. ते खरं होतं. त्याने आयुष्यात गाडी चालवली नव्हती.

बायकोला त्याने थेंबांचं सांगितलं होतं. डोळ्यांतला दाब जरा वाढलाय, वयाप्रमाणे. थेंब घातले की झालं. ती म्हणाली, "माझ्या आईलाही होतं," आणि ते तिथेच राहिलं. लपवायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. माणूस एखादी गोष्ट सांगायची राहू देतो, मग ती राहून गेलेलीच बरी वाटू लागते, मग ती सांगायला गेलं तर आधी का नाही सांगितली तेही सांगावं लागतं. शिवाय कामावर काही अडत नव्हतं. दातांच्या लॅबमध्ये तो कवळ्या आणि कॅपा बनवायचा. त्याच्या टेबलावर एक दिवा, एक भिंग, आणि त्या भिंगाखाली नखाएवढा दात. शेजारचे खरे दात कुठे पिवळसर आहेत, टोकाशी कुठे निळसर पारदर्शक आहेत, हे बघून पोर्सलिनचे थरावर थर चढवायचे. जे मधोमध असतं ते त्याला अजूनही लख्ख दिसत होतं, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त, कारण बाकीचं लक्ष वेधायला येतच नव्हतं. दंतवैद्य फोन करून सांगत, तुमचाच हात हवा. तो भिंगातून मान वर करी तेव्हा मात्र खोली कशी तुकड्यातुकड्याने जुळवून घ्यावी लागे: दार, मग खुंटीवरचे कोट, मग शेजारच्या टेबलावरचा माणूस, जो कधीपासून काहीतरी बोलत असे. दिवस संपेपर्यंत त्याची मान दुखू लागे. तो थकवा त्याला समजत नव्हता. काम तर बसूनच होतं.

आणि सायकल. आठवडाभर त्या थकव्यातून तो रविवाराकडे बघत असे. शहराबाहेर, जिथे नदी डोंगरांत शिरते आणि दोन्ही काठांनी उंच सरळसोट झाडांचं रान लागतं, तिथले रस्ते त्याने तरुणपणापासून एकेक करून गोळा केले होते. कुठल्या पुलावरून पलीकडे गेलं की चढ सावलीत मिळतो, कुठला रस्ता नकाशात बंद दाखवतात पण सायकल जाते, कुठे पाण्याचा नळ आहे, कुठे कुत्रा. रविवारी बरोबर येणाऱ्या लोकांनी त्याला वाटाड्या असं नाव दिलं होतं, आधी थट्टेने, मग सवयीने, आणि अलीकडे तर नवीन माणसाला ते त्याचं आडनावच वाटे. येणारी माणसं वाढत-घटत शेवटी दोन उरली होती: त्याचा मेहुणा, जो चढावर शिव्या देत यायचा पण एक रविवार चुकवायचा नाही, आणि एक वकीलबाई, ज्या कधी फारसं बोलत नसत, आठवडाभर बोलावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. या सगळ्या वाटांत गिरणीची वाट त्याची लाडकी. खिंडीपर्यंत लांब चढ, आणि तिथून रानातून नागमोडी उतरत थेट नदीवरच्या जुन्या गिरणीपाशी सोडणारा अरुंद रस्ता. तो त्याला आणि बायकोला एकदमच सापडला होता. लग्नाच्या आधी, एका दुपारी वाट चुकून. उतार संपला तेव्हा ती सायकलवरून उतरली आणि रस्त्यातच बसली, पाय थरथरत होते म्हणून, आणि हसत राहिली. पुढे मुलगी झाली, मग गुडघे बिघडले, आणि तिची सायकल कुणाला तरी देऊन टाकली. तो मात्र जात राहिला. इतक्या वेळा गेला की तो रस्ता डोळ्यांत नव्हता, अंगात होता. कुठे गारवा चटकन पोटऱ्यांना लागतो, कुठे कुजक्या पानांचा वास येतो, कुठे अचानक नदी ऐकू येते. त्यावरून हात आपोआप ब्रेकवर जात आणि सुटत. डॉक्टरांकडून आल्यावर त्याने स्वतःला हेच सांगितलं होतं. तिथे बघायला लागतंच कुठे?

म्हातारीची अंडी फुटली त्याच संध्याकाळी मुलगी जेवताना म्हणाली, "रविवारी मी पण येते." पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला जाणार होती, घरात खोकी यायला लागली होती. लहानपणी ती त्याच्या सायकलच्या दांड्यावरच्या छोट्या बैठकीवर बसून सपाट रस्त्यांवर फिरायची, आणि दर वेळी मोठा उतार मागायची, आणि तो दर वेळी म्हणायचा, मोठी झालीस की. मग ती मोठी झाली आणि तिने मागणं सोडलं. "मोठा उतार," ती आता म्हणाली. "बाकी आहे तुझ्याकडे."

"वादळ होऊन गेलंय," तो म्हणाला. "रस्ते कसे असतील कोण जाणे. हवा बघू."

"ने की तिला," बायको म्हणाली. "पुन्हा कधी यायची ती?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडात घास होता, तो गिळेपर्यंत वेळही होता. त्याला म्हातारी खांबाला पाठ घासत बसताना दिसली, अगदी स्पष्ट, आता जेव्हा ती तिथे नव्हती. मग मुलीने पाण्याचा जग मागितला आणि तो देण्यात ते राहून गेलं.

रविवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. नदीकाठाने जाणाऱ्या सपाट रस्त्यावर तो पुढे होता, मागे मुलगी, मग वकीलबाई, शेवटी मेहुणा. नदीला वादळाचं गढूळ पाणी होतं आणि काठावरच्या झुडपांत फांद्या, प्लास्टिक, एक लाकडी खुर्ची असं काय काय अडकलं होतं, असं मागची माणसं एकमेकांना दाखवत होती. तो समोरचा रस्ता बघत होता. चढ लागला. मेहुण्याचं पुराण सुरू झालं. "भाऊजी," तो मागून धापा टाकत म्हणाला, "माणसं मोठी झाली की गाड्या घेतात. आपण काय पाप केलं?" मुलगी हसली. तिचा श्वास त्याला मागून ऐकू येत होता, तरुण, एकसारखा, अजिबात न दमलेला. त्याला स्वतःचे पाय जड वाटत होते. पायांचा दोष नव्हता. तो सकाळपासून, खरं तर कित्येक महिन्यांपासून, मान किंचित इकडून तिकडे फिरवत चालवत होता, दिवा फिरवावा तशी, आणि हे आपण करतो आहोत हे त्याला आज प्रथमच जाणवलं. कारण मागे कुणाचे तरी नवीन डोळे होते. चढ वळणावळणाने वर जात होता. रान दाट झालं. झाडांमधून उन्हाचे पट्टे रस्त्यावर आडवे पडले होते, आणि चढावर, हळू असताना, ते छानच वाटत होते.

खिंडीत बाकावर बसून त्यांनी पाणी प्यायलं. वकीलबाईंनी संत्रं सोलून सगळ्यांना वाटलं. मेहुणा गवतात आडवा पडला. पलीकडे रस्ता रानात उतरत होता, आणि उतरला की लगेच उन्हासावलीच्या तुकड्यांत नाहीसा होत होता. त्याच्या मनात आलं, मुलीला पुढे पाठवावं.

"तू पुढे हो," तो तिला म्हणाला. "मी मागून येतो."

"मला रस्ता कुठे माहीत आहे? तू पुढे. मी तुझ्या चाकाला धरून येते."

"सोपा आहे रस्ता."

"मग तू का पुढे होत नाहीस?" तिने सहज विचारलं. त्यात काही नव्हतं. पण त्याने चटकन हेल्मेटचा पट्टा लावला आणि सायकलवर बसला, आणि बसल्यावर आता बोलणं संपलं होतं.

पहिली दोन वळणं त्याला माहीत होती तशीच आली. गार वारा कानांत भरला. मग रान आलं, आणि ऊन आणि सावली त्याच्यावर पत्ते पिसावेत तशी सटासट कोसळू लागली. उजेड, काळोख, उजेड. त्यात रस्ता तुटत होता, जुळत होता, पुन्हा तुटत होता. त्याने मान फिरवणं थांबवलं. या वेगाने फिरवता येत नव्हती. नजर लांब, वळण जिथे उघडतं तिथल्या उजेडावर ठेवली, जशी तो नेहमी ठेवायचा, आणि बाकीचं अंगावर सोपवलं. पोटऱ्यांना गारवा लागला. कुजक्या पानांचा वास आला. ब्रेकवर हात गेला, सुटला. आणि हे अजून जमतं आहे, असं वाटून त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. इतके महिने गच्च धरलेलं काहीतरी. आपल्या मागे आपली मुलगी या रस्त्याने उतरते आहे, वळणात आपण झुकतो तशी झुकते आहे, हे त्याला न बघता कळत होतं. तो कित्येक महिन्यांत इतका सुखात नव्हता. नंतर त्याला सगळ्यात जास्त हेच आठवायचं.

ती ओरडली, "बाबा, थांब," असं त्याला वाटलं, पण वाऱ्यात शब्द फाटून आला, आणि तो आनंदाचा आहे की कसला हे कळायच्या आत मागे टायर घासल्याचा लांब आवाज झाला. मग दुसरा आवाज, जो त्याने कधी ऐकला नव्हता. जाड कापड फाटत जावं तसा, वरून खाली येणारा, आणि शेवटी जमिनीतून पायडलपर्यंत पोचलेला धक्का. त्याच्या पाठीवर पानं आणि काटक्या येऊन आदळल्या. तो थांबला तेव्हा एक पाय चरात होता. मागे वळून बघितलं. रस्ता नव्हता. जिथून तो आत्ता आला होता तिथे हिरव्या फांद्यांचा ढीग पडला होता, माणसापेक्षा उंच, आणि तो अजून हलत होता.

"मने," त्याने हाक मारली. हे नाव त्याने तिच्या शाळेनंतर वापरलं नव्हतं. पलीकडून काहीच आलं नाही. मग एका पुरुषाचा आवाज आला, शिव्या देणारा, अनोळखी, आणि त्या शिव्या ऐकून त्याला बरं वाटलं, कारण मेलेल्या माणसाजवळ उभं राहून कुणी अशा शिव्या देत नाही. तो फांद्यांत घुसला. डहाळ्या तोंडावर बसत होत्या, चिकाचा ओला वास नाकात जात होता. "मने." "इथे आहे," ती म्हणाली. "मी ठीक आहे बाबा. तू येऊ नकोस, फांद्या सुटतायत." तो गेलाच.

ती रस्त्याच्या कडेला बसली होती. एका बाजूने घसरली होती. दंड आणि मांडी सोलवटून निघाली होती, रक्त धुळीत मिसळून दाटसर झालं होतं. वकीलबाई तिच्या जखमेवर बाटलीतलं पाणी ओतत होत्या. मेहुणा त्या माणसाला आवरत होता. तो माणूस लाकूडतोड्या होता, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, हातात लाल फडकं. वादळात अर्धवट उन्मळून रस्त्यावर कललेलं झाड पाडायला ते आले होते. पलीकडे दुसरा एक जण करवत घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. डाव्या कडेला रस्त्यातच इशाऱ्याची एक फळी उभी केली होती, तांबडी, मोठी. फळीच्या शेजारी हा माणूस उभा होता.

"हात हलवत होतो मी," लाकूडतोड्या म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "दोन्ही हात. तुम्ही माझ्या इतक्या जवळून गेलात की मला तुमचा वारा लागला. माझ्याकडे बघत गेलात."

त्याने त्या फळीकडे बघितलं. मान पूर्ण वळवून. ती तिथे होती. आत्ताच कुणीतरी आणून ठेवल्यासारखी होती. बोलण्यासारखं बरंच सुचत होतं: ऊन डोळ्यांवर होतं, वळण होतं, वेग होता. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एखादं कारण तयार होतं, त्याने फक्त उचलायचा अवकाश. तो म्हणाला, "माझी चूक आहे." लाकूडतोड्याला हे पुरलं. तो दुसऱ्यापाशी गेला आणि दोघं झाडाच्या बुंध्यावर बसले, थोडा वेळ काही न करता.

सायकली एकेक करून फांद्यांवरून पलीकडे दिल्या. मेहुणा आणि वकीलबाई गिरणीपाशी थांबतो म्हणून पुढे गेले. तिथे नळ होता, दुकान होतं, मलमपट्टी मिळाली असती. मुलगी म्हणाली, आम्ही चालत येतो. मग तो उजवीकडे आणि ती डावीकडे, मधे दोन सायकली, अशी ती उरलेला उतार चालू लागली. चालताना तो रस्ता फारच लांब होता. दोन्ही सायकलींची चाकं टिकटिकत होती. तो मान वळवून दर थोड्या वेळाने ती आहे ना ते बघत होता.

"हे असं बघतोस ना," ती म्हणाली, "हे मी सकाळपासून बघतेय. मला वाटलं मान आखडलीय."

त्याने सायकलचं हँडल सरळ केलं.

"किती दिसत नाही?"

"सांगता येत नाही. जे दिसत नाही ते दिसत नाही हेही कळत नाही."

ती थांबली. आपली सायकल एका झाडाला टेकवली, त्याची त्याच्या हातातून घेऊन तिच्यावर टेकवली, आणि त्याला रस्त्याच्या मधोमध उभं केलं. "समोर बघ. त्या दगडाकडे. हलायचं नाही." तिचा आवाज त्याच्या पाठीमागून डाव्या बाजूला गेला. लहानपणी लपाछपीत ती अशीच हुकूम सोडायची. "हात पुढे आणतेय. दिसला की सांग." दगडावर शेवाळ होतं, शेवाळावर एक वाळकं पान, ते पान, त्याच्या शिरा, सगळं त्याला दिसत होतं. "आता?" ती म्हणाली. "नाही." रानात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. "आता?" "नाही." त्याला घुमटातली ती शांतता आठवली, आणि अंदाजाने हो म्हणावं अशी तीच जुनी ओढ त्याच्या जिभेवर आली. इतका वेळ झाला होता, हात आता आला असणारच. तो थांबला. "आता?" तिने विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज जरा वेगळा होता. "नाही," तो म्हणाला. मग पानाच्या अगदी शेजारी, कुठूनही न येता, तिची बोटं उगवली, धुळीने आणि रक्ताने माखलेली. "आता," तो म्हणाला.

हात तिने तिथेच धरून ठेवला होता. त्याने मान वळवून बघितलं तर हात त्याच्या खांद्याशी नव्हताच. ती जवळजवळ त्याच्या समोर येऊन उभी होती. ती हाताकडे बघत होती, मग त्याच्याकडे, मग पुन्हा हाताकडे. "एवढंच?" ती म्हणाली. मग तिने हात खाली घेतला, दुसऱ्या हाताने नाक पुसलं आणि सायकल उचलली. "चल." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "आईला माहीत आहे?"

"थेंब माहीत आहेत."

"मी सांगणार नाही. तू सांगायचं."

गिरणीपाशी मेहुण्याने कॉफी मागवून ठेवली होती. मुलीला पट्टी बांधून झाल्यावर त्याने मेहुण्याला आणि बाईंना डोळ्यांचं सांगितलं, एका वाक्यात, कपाकडे बघत. वकीलबाईंनी विचारलं, कधीपासून, आणि उत्तर ऐकून पुढे काही विचारलं नाही. मेहुण्याने कॉफीत साखर घातली, मग पुन्हा घातली. "तरीच," शेवटी तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात मी तुमच्या शेजारी उभा राहून हात पुढे केला आणि तुम्ही सरळ निघून गेलात. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, भाऊजींचं काहीतरी बिनसलंय आपल्याशी. ती म्हणाली, तूच काहीतरी बोलला असशील. मी महिनाभर आठवत होतो काय बोललो ते." तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही. परतीच्या सपाट रस्त्यावर त्यांनी त्याला मधे घेतलं. कुणी तसं ठरवून बोललं नाही. मेहुणा पुढे झाला, मुलगी शेजारी, बाई मागे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यापुढे एक पाठ होती, रुंद, घामाने ओली, आणि तिच्यापलीकडचं काही बघायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. अपमान वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटला तो फक्त थकवा, इतका, की हँडल धरलेली बोटंसुद्धा आपली वाटेनात. नदी कुठल्या बाजूला होती हेही त्याने बघितलं नाही.

बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाजी चिरत होती. मुलगी आंघोळीला गेली. जाताना "पडले, विशेष काही नाही" एवढंच म्हणाली. तो दारात उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. अंडी, घुमट, बटण, फळी, झाड. क्रम चुकत होता, मागचं पुढे होत होतं, आणि ती सुरी न थांबवता ऐकत होती.

"डॉक्टरांनी सायकलचं काही विचारलं नाही?"

"गाडी चालवता का, विचारलं."

"मग तू काय म्हणालास?"

"नाही म्हणालो."

तिने सुरी खाली ठेवली. चिरलेलं सगळं एका बाजूला सारलं. "तुझ्या मागे तिघं होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यातली दोन माझी. माझी मुलगी आणि माझा भाऊ. मला साधं विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, पुढे होऊ नकोस म्हणून. एवढंच तर सांगायचं होतं कुणीतरी."

"हो," तो म्हणाला.

"तुला ते ऐकायचं नव्हतं."

"नव्हतं."

ती उठून आत गेली. न्हाणीघराच्या दाराशी दोघींचं बोलणं ऐकू आलं, मग कापूस कुठे आहे, मग पाण्याचा आवाज. तो बूटही न काढता टेबलाशी बसला. बाहेर अजून ऊन होतं आणि खालच्या रस्त्यावरून माणसं रविवारची चालतात तशी रेंगाळत चालली होती. त्याला वाटलं क्षणभर डोळे मिटावेत. मिटले, आणि तो बसल्याबसल्याच झोपला. स्वप्नबिप्न काही पडलं नाही.

जाग आली तेव्हा भांड्यांचा आवाज होत होता. मुलगी ताटं मांडत होती, दंडाला पांढरी पट्टी होती. लग्न झाल्यापासून जेवताना बायको त्याच्या डाव्या हाताला बसायची. वाढायला चुलीजवळची बाजू म्हणून. तिने ताट उचललं. थोडी थांबली. मग खुर्ची एका हाताने फरफटत टेबलाला वळसा घालून पलीकडे नेली, आणि त्याच्या अगदी समोर बसली.

"जेव," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. इथून ती त्याला पूर्ण दिसत होती; कपाळावरची रेघ, कानामागे सरकवलेले पांढरे केस, ओठाच्या कोपऱ्याशी दाबून धरलेलं काहीतरी. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती फार दमलेली दिसत होती, आणि ती अशी कधीपासून दमलेली होती, हे त्याला आठवेना.